घरी बनवलेल्या स्पीकर बॉक्सचं रंगकाम आणि पॉलिश: बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या नवीन मंडळींसाठी

आपल्या भागात स्वतः स्पीकर बॉक्स बनवणारे हल्ली बरेच झालेत. कोण घरात ऐकायला दोन छोटे बुकशेल्फ स्पीकर करतंय, कोण मंडळासाठी नाहीतर स्वतःच्या साउंड धंद्यासाठी बेस बॉक्स ठोकायलंय. कटिंग आणि जोडकाम मेस्त्रीकडनं किंवा स्वतः व्यवस्थित होतंय, आणि मग शेवटी घाईघाईत एक डबा काळा रंग आणून ब्रशनं फासला जातो. चार महिन्यात कडा फुगतात, जोड दिसायला लागतात, एवढ्या मेहनतीचा बॉक्स जुन्या कपाटाच्या फळीसारखा दिसतो. ते बघून खरंच वाईट वाटतं, म्हणून हे सगळं क्रमानं लिहायलोय.

सगळ्यात महत्वाचं आधीच सांगतो. रंग काही झाकत नाही. खड्डा, स्क्रूचं डोकं, पेपरचा ओरखडा, सगळं रंगानंतर जास्त दिसतंय, आणि चकचकीत रंग असेल तर अजूनच. त्यामुळे या लेखात रंग मारण्यापेक्षा त्याच्या आधीचं काम जास्त आहे, ते वाचायचा कंटाळा करू नका.

१. आधी फिनिश ठरवा, मग बाजारात जा

उलटं करतात लोक. दुकानात जाऊन जे मिळेल ते आणतात आणि मग त्यात बसवतात.

घरातला बॉक्स असेल आणि एमडीएफचा (लाकडाचा भुगा दाबून केलेली फळी) किंवा एचडीएचएमआरचा (तशीच, पण जास्त घट्ट आणि ओल सोसणारी) असेल तर रंग (ड्युको म्हणजे एनसी, नायट्रोसेल्युलोजचा, किंवा पीयू म्हणजे पॉलियुरेथेनचा) किंवा वरनं विनियर (खऱ्या लाकडाचा पातळ पापुद्रा) लावून पॉलिश. प्लायचा असेल आणि वरचा पापुद्रा साधा असेल तर त्याला गुळगुळीत ग्लॉस रंग देण्याच्या नादाला लागू नका, रेषा भरता भरता जीव जातो, त्यापेक्षा विनियर किंवा सनमायका बरा. टेम्पोत चढणारा-उतरणारा, मिरवणुकीतला बॉक्स असेल तर टेक्श्चर पेंट, दुसरं काही टिकत नाही. आणि बाहेर वापरायच्या बॉक्सला प्लाय घेताना किमान बीडब्ल्यूआर (उकळतं पाणी सोसणारा) ग्रेड घ्या, साधा कमर्शियल एमआर (फक्त ओल सोसणारा) प्लाय पावसात भिजला की थर सुटतात, त्यावर कितीही भारी रंग मारा.

एक गैरसमज आत्ताच काढून टाका. अमुक पॉलिश मारलं की आवाज गोड येतो असं सांगणारे भेटतील. आवाज ठरतो ड्रायव्हर (बॉक्समध्ये बसणारा गोल स्पीकर), बॉक्सचा आतला आकार, पोर्ट (हवेचं भोक), क्रॉसओव्हर (आवाज वेगवेगळ्या ड्रायव्हरना वाटणारं सर्किट) आणि जोड हवाबंद आहेत का नाहीत यावर. फिनिश हे दिसायला आणि लाकूड टिकायला. तेवढं कारण पुरेसं आहे.

२. महिना बघा

हे पुण्या-मुंबईच्या व्हिडिओत कोणी सांगणार नाही, आणि आपल्याकडं सगळ्यात जास्त काम यामुळंच बिघडतंय.

बेळगावचा पाऊस माहितीच आहे, आणि खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडं तर विचारूच नका. जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट असते की एनसी म्हणजे ड्युको किंवा एनसी लॅकर मारलं की त्यावर पांढुरका धूर धरल्यासारखं येतंय. थिनर झटकन उडतो, पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतलं पाणी त्यावर बसतं, म्हणून ते होतं. आणि नेमके गणपती याच दिवसात, त्यामुळे सगळ्यांना बॉक्स श्रावणातच तयार हवे असतात. मंडळाचे बॉक्स असतील तर मृगाच्या आधी रंगकाम संपवायचं असं ठरवूनच कामाला लागा.

उत्तम दिवस म्हणजे दिवाळीनंतर ते फेब्रुवारी. फक्त थंडीत सकाळी धुकं आणि दव असतंय, तेव्हा ऊन चांगलं वर आल्यावर सुरू करा आणि संध्याकाळची गारठ पडायच्या आत थांबा. एप्रिल-मे मध्ये उलटा प्रॉब्लेम, उन्हात रंग गनमधनं निघून बॉक्सवर पोचेपर्यंतच सुकतो आणि हाताला खरखरीत लागतो, शिवाय धूळ, आणि दुपारनंतर वळीव कधी येईल सांगता येत नाही. त्या दिवसात सकाळीच काम उरका.

जागा सावलीतली, हवा खेळती, पण थेट वारा नको. जमिनीवर आदल्या दिवशी पाणी मारा म्हणजे धूळ उडणार नाही (कामाच्या वेळी ओली चिकचिक नको, नुस्ती बसलेली धूळ हवी). गोठ्याजवळ, मळणीच्या जवळ, वीटभट्टीच्या वाऱ्यात काम करू नका.

३. सामान

पॉलिश पेपर: १२०, १८०, २२०, ३२०, ४०० नंबर. ग्लॉस करायचं असेल तर वॉटर पेपर ८००, १०००, १५०० आणि रबिंग कंपाउंड (घासून चमक आणायची पेस्ट). पेपर धरायला सपाट लाकडाचा ठोकळा किंवा रबर ब्लॉक, नुसत्या बोटांनी घासलं की खळगे पडतात.

लांबी, म्हणजे खड्डे भरायची पुट्टी, दोन प्रकारची लागते. गाडीच्या डेंटिंगवाल्यांकडं असते ती केमिकल लांबी (मोठा डबा आणि बरोबर हार्डनरची छोटी ट्यूब) आणि बारीक छिद्रांसाठी एनसी पुट्टी. शिवाय सीलर (लाकडाची छिद्रं बंद करणारा पहिला हात), सरफेसर म्हणजे अस्तर, रंग, आणि त्याच रंगाचा थिनर. मास्किंग टेप, जुनी वर्तमानपत्रं, गाळायला बारीक जाळी किंवा जुना नायलॉन मोजा, सुती चिंध्या.

स्प्रे करणार असाल तर कॉम्प्रेसर आणि गन. विकत घ्यायची गरज नाही, ओळखीच्या फर्निचरवाल्याकडं किंवा गॅरेजमध्ये भाड्यानं विचारा. कॉम्प्रेसरला पाणी अडवणारा फिल्टर आहे का बघा, नसेल तर टाकीतलं पाणी खालचा नळ सोडून आधी काढा, नाहीतर पाण्याचे थेंब सरळ रंगात.

मास्क. कोविडवाला कापडी मास्क बारीक धुळीलाही पुरत नाही, त्याला एन९५ बरा, आणि थिनरच्या वासाला दोन्हीचा काडीचा उपयोग नाही. कार्ट्रिजवाला, ऑरगॅनिक व्हेपरचा मास्क मागा. पीयूच्या हार्डनरमध्ये (रंग घट्ट व्हायला मिसळायचा दुसरा भाग) आयसोसायनेट नावाचं रसायन असतंय, त्यानं दमा लागू शकतो आणि एकदा लागला की थोड्या वासानंही त्रास होतो. मास्क नसेल तर पीयू स्प्रे करू नका, इथं माझं मत पक्कं आहे.

दुकानात नुस्तं "थिनर द्या" म्हणू नका. एनसीचा वेगळा, पीयूचा वेगळा, ऑइल पेंटला टर्पेंटाइन. सुट्ट्या बाटलीतला बिननावाचा थिनर घेऊ नका.

४. रंगाच्या आधीची सुतारकी

ड्रायव्हर एकदा बसवून बघा आणि काढा. पोर्टचा पाइप, टर्मिनल प्लेट, हँडल, सगळं एकदा बसवून बघा. रंगाच्या थरानं भोक थोडं कमी होतंय, त्यामुळे आत्ताच घट्ट बसणारा ड्रायव्हर नंतर बसणार नाही, कडेला जरा मोकळीक ठेवा. टी-नट (लाकडात ठोकायचे आटेवाले नट) असतील तर आत्ताच ठोका, रंगानंतर हातोडी नको.

कडा धारदार ठेवू नका. धारेवर रंग थांबत नाही, तिथनं पातळ होऊन पहिल्यांदा तिथंच उडतो. राउटरनं (कडा कापून गोल करायचं मशीन) ३ ते ६ मिमी गोलाई द्या, राउटर नसेल तर रंधा आणि पेपरनं हलकी गोल करा.

जोडातनं बाहेर आलेला फेविकॉल ओल्या फडक्यानं लगेच पुसायचा. वाळला तर कानस किंवा पटाशीनं खरवडून काढा. पॉलिश करणार असाल तर हे फारच महत्वाचं, कारण फेविकॉल मुरलेल्या जागी स्टेन (लाकडाला छटा देणारा पातळ रंग) चढत नाही आणि पिवळट डाग कायमचा राहतो.

आणि सिलिकॉन. आतले जोड हवाबंद करायला बरेच जण सिलिकॉनची ट्यूब वापरतात. रंगाच्या आधी ती बॉक्सच्या आसपाससुद्धा आणू नका. सिलिकॉनचा हात जिथं लागेल तिथं रंग माशाच्या डोळ्यासारखा गोल फाटतो. आतले जोड फेविकॉल आणि लाकडाच्या भुश्शानं बंद करा, सिलिकॉन लावायचंच असेल तर सगळं संपल्यावर. गाडीच्या डॅशबोर्डचा स्प्रे, डोक्याचं तेल लागलेला हात, यानंही हेच होतं.

५. लांबी आणि घासकाम

भिंतीची पुट्टी लाकडाला चालत नाही. स्वस्त पडते म्हणून लोक वापरतात, ती ठिसूळ असते, बेसच्या हादऱ्यानं स्क्रूच्या डोक्यावरनं गोल चकती होऊन बाहेर येते.

केमिकल लांबी थोडी थोडी कालवा. सुपारीएवढ्या लांबीला हार्डनर अगदी मुगाच्या दाण्याएवढा, रंग सगळीकडं एकसारखा होईपर्यंत पत्र्यावर घोटा. दहा-पंधरा मिनिटात ती घट्ट होते, उन्हाळ्यात त्याच्याही आधी, म्हणून वाटीभर कालवायची नाही. हार्डनर जास्त घातला की लवकर होतं खरं, पण वरच्या रंगातनं पिवळा डाग फुटू शकतो. स्क्रूची डोकी पृष्ठभागाच्या खाली गेली पाहिजेत आणि लांबी जरा उंच ठेवायची, सुकल्यावर १२० नं सपाट, मग १८०.

घासताना नंबर उड्या मारत जाऊ नका. १२० नंतर सरळ ४०० घेतला तर १२० चे ओरखडे तसेच राहतात. प्लाय असेल तर नेहमी धाग्याच्या दिशेनं घासा. खाली कुठं राहिलंय हे कळायला खोली अंधारी करून मोबाईलची टॉर्च बॉक्सच्या बाजूनं आडवी धरा, सगळे खड्डे सावली टाकतात.

कच्च्या एमडीएफवर पाणी लावून घासायचं नाही, फुगतो. वॉटर पेपर फक्त वरच्या रंगावर.

एमडीएफची धूळ फार बारीक असते, मास्क घालूनच घासा. आणि ड्रायव्हर त्या खोलीत ठेवूच नका.

६. एमडीएफच्या कडा

याला वेगळा मुद्दा केलाय कारण सगळी फजिती इथंच होते. एमडीएफचा पाट (सपाट बाजू) गुळगुळीत असतो पण कापलेली कड रंग पिते. तुम्ही चार हात मारा, पाट चमकेल आणि कड खरखरीत, फिकट राहील.

उपाय: कड २२० नं घासा, सीलर मारा, सुकलं की परत घासा, परत सीलर. किंवा कडेवर केमिकल लांबीचा अगदी पातळ थर पत्र्यानं ओढा आणि घासून काढा, मला हाच प्रकार जास्त खात्रीचा वाटतो. फेविकॉलमध्ये पाणी घालून कडेला लावतात तेही चालतं, पण पाण्यानं तंतू उभे राहतात, पूर्ण वाळू द्यावं लागतं आणि पेपर चोंदतो.

आता जोडाची रेष. हे बहुतेकांना पहिल्या पावसाळ्यात कळतं. कोपऱ्यावर एका फळीची कड आणि दुसरीचा पाट शेजारी येतात, दोन्ही दमट हवेत वेगवेगळे फुगतात, आणि इतका छान ग्लॉस रंग दिलेला असतो त्यावर बरोबर जोडावर एक रेष उमटते. रंगारी बदलला तरी येते. यावर तीन मार्ग. एक, जोडकाम झाल्यावर बॉक्स तसाच दोन-तीन आठवडे ठेवा, मग घासून रंगाला घ्या. दोन, जोडावरच मुद्दाम छोटी व्ही खाच काढा म्हणजे ती डिझाईन दिसते. तीन, ग्लॉसचा हट्ट सोडून मॅट, टेक्श्चर किंवा विनियर करा. आपल्या हवेत मी नवख्याला तिसराच सांगेन.

बॉक्स आतनंही एक हात सीलर मारा. एकच बाजू बंद आणि दुसरी उघडी असेल तर फळी वाकण्याची शक्यता राहते.

७. अस्तर

सरफेसरचे दोन पातळ हात, मध्ये वाळवण, मग ३२० नं घासणं. पहिल्या हातानंतर राहिलेली बारीक छिद्रं दिसतील, ती एनसी पुट्टीनं भरा. एनसी पुट्टी जाड भरू नका, ती आक्रसते आणि आठवड्यानं तिथं खड्डा पडतो.

एक नियम पाठ करा: अस्तर, रंग, क्लिअर (वरचा पारदर्शक थर), थिनर, सगळं एका घराण्यातलं. एनसी तर सगळं एनसी, पीयू तर सगळं पीयू. घरात उरलेला ऑइल पेंट खाली मारून वर ड्युको मारला की खालचा रंग सुरकुत्या पडून उचलतो, आणि मग सगळं लाकडापर्यंत खरवडण्याशिवाय मार्ग नाही. मिसळावंच लागत असेल तर आधी टाकाऊ तुकड्यावर करून बघा आणि रात्रभर ठेवा. टाकाऊ तुकडा हा या सगळ्या कामातला सगळ्यात उपयोगी माणूस समजा, प्रत्येक पायरी आधी त्याच्यावर.

८. रंग

*स्प्रे.* रंग गाळून घ्या, थिनर डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात. गन बॉक्सपासून साधारण वीतभर अंतरावर, आणि हात मनगटातनं गोल फिरवायचा नाही, सरळ रेषेत न्यायचा. ट्रिगर बॉक्सच्या बाहेर दाबा आणि बाहेरच सोडा. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढला पाहिजे. आधी कडा आणि कोपरे, मग मोठे पाट. पहिला हात अगदी हलका, खालचं दिसलं तरी चालेल. एका हातात पूर्ण झाकायला गेलात की ओघळ ठरलेला. तीन-चार पातळ हात. एनसी लवकर सुकतो, पीयूला डब्यावरचा वेळ पाळा, आणि पीयूमध्ये हार्डनर घातल्यावर तो काही तासच गनमध्ये चालतो, उरला तर उद्यासाठी ठेवता येत नाही. संपल्या संपल्या गन धुवा, करंट गेला तरी धुवा.

*ब्रश-रोलर.* कॉम्प्रेसर नाही म्हणून थांबू नका. ऑइल पेंट मॅट किंवा सॅटिन घ्या, बारीक स्पंजचा रोलर घ्या, दोन-तीन पातळ हात, प्रत्येक हाताच्या मध्ये रात्र जाऊ द्या आणि ३२० नं हलकं घासा. मॅटमध्ये रोलरचं काम खूप स्वच्छ दिसतं.

*टेक्श्चर.* साउंडच्या बॉक्सला हेच. सीलर-अस्तर पाहिजेच, पण घासकाम एवढं बारीक लागत नाही. टेक्श्चरचा रंग न पातळ करता रोलरनं लावायचा आणि ओला असतानाच मोकळा रोलर एकाच दिशेनं हलका फिरवायचा, त्यानं दाणा एकसारखा उठतो. एक बाजू वरती आडवी ठेवून करा, सुकली की फिरवा. कोपऱ्यांना लोखंडी किंवा प्लास्टिक कॉर्नर, खाली रबरचे पाय. जाळी लोखंडी असेल तर ती ब्रशनं रंगवू नका, भोकं बुजतात, उद्यमबागेत (बेळगावची औद्योगिक वसाहत) पावडर कोटिंग करून घ्या, टिकतं.

*आग.* थिनरच्या जवळ उदबत्ती, कॉईल, बिडी-सिगारेट, देवाचा दिवा, काही नको. कॉम्प्रेसर स्प्रेच्या जागेपासून लांब, दुसऱ्या खोलीत. जवसाचं तेल वापरलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, त्या आपोआप तापून पेटतात, दोरीवर सुट्ट्या वाळवा किंवा पाण्यात बुडवा.

९. विनियर आणि पॉलिश

आपल्याकडं दुकानात ८ बाय ४ फुटाचा जो विनियर मिळतो तो बहुतेक वेळा पातळ प्लायवर चिकटवलेला, साधारण ४ मिमी जाडीचा असतो. त्यामुळे कोपऱ्याला त्याची कड दिसते. एकतर कोपरे ४५ अंशात कापा (मेस्त्रीच हवा) किंवा कडेला सागवानी बारीक पट्टी लावा. शेजारच्या दोन बॉक्सना एकाच शीटमधले शेजारचे तुकडे घ्या, रेषा जुळल्या की जोडी वाटते.

विनियर वर हाताला लागणारं लाकूड फार पातळ असतं. १२० चा पेपर त्याला लावू नका, २२० पासून आणि तेही मशीननं नाही, हातानं.

पॉलिशला सोप्यापासून कठीण असं सांगायचं तर आधी लाखेचं पॉलिश. स्पिरिटमध्ये लाखेचे दाणे रात्रभर विरघळवा, गाळा, कापसाचा बोळा मलमलमध्ये बांधा आणि लांब हातानं फिरवत रहा, थांबायचं नाही, थांबला की तिथं डाग. खूप हात लागतात पण चुकलं तर दुरुस्त करता येतं, आणि सागावर जी ऊब येते ती मला दुसऱ्या कशात दिसली नाही. गरम कप किंवा पाणी त्यावर ठेवू नका, पांढरा डाग पडतो. त्यानंतर मेलामाइन, जास्त टणक, पण दोन भागात असतं आणि वास डोळ्याला झोंबतो. पीयू क्लिअर सगळ्यात टिकाऊ आणि महाग, ते जमणाऱ्या पॉलिशवाल्याकडनंच करून घ्या.

स्टेन लावणार असाल तर सीलरच्या आधी. सीलरवर स्टेन मुरत नाही.

१०. बिघडलं तर

पांढुरकं आलं: ऊन पडलेल्या कोरड्या दिवसाची वाट बघा, मग रिटार्डर (थिनर सावकाश उडावा म्हणून घालतात ते) घातलेल्या एनसी थिनरचा हलका फवारा, बऱ्याचदा निघतं.

ओघळ: ओला असताना बोट लावू नका. पूर्ण टणक झाल्यावर ठोकळ्यावर ४०० लावून तेवढाच सपाट करा आणि परत एक हात.

संत्र्याच्या सालीसारखं आलं: रंग घट्ट होता किंवा गन लांब होती. वाळल्यावर ८०० नं पाण्यात घासा, मग चढत्या नंबरनं आणि कंपाउंड.

सुरकुत्या: घराण्याची चूक. खरवडा.

११. ड्रायव्हर बसवणं

रंग हाताला सुकला म्हणजे पक्का झाला असं नाही. पीयूला आठवडा द्या, ऑइल पेंटला त्याहून जास्त. कच्च्या रंगावर बॉक्सवर बॉक्स रचले तर दोन्ही एकमेकाला चिकटतात आणि ओढताना रंग सोलून येतो, मध्ये कागदसुद्धा ठेवू नका, तोही चिकटतो, सुट्टेच ठेवा. ड्रायव्हर बसतो ती खाच मास्किंग टेपनं झाकून रंगवली असेल तर गॅस्केट (ड्रायव्हरखालची हवा अडवणारी पट्टी) नीट बसेल, रंग तिथं जाड असेल तर काही महिन्यांनी ड्रायव्हर काढताना गॅस्केट फाटेल.

बॉक्स आतनं व्हॅक्युमनं किंवा ओल्या फडक्यानं पूर्ण साफ करा. कोपऱ्यात भुस्सा राहू देऊ नका, आणि स्क्रूचा लोखंडी चुरा, स्टील वूलचे (लोखंडी तारेचा काथ्या) तुकडे तर मॅग्नेट ओढून घेतं आणि कॉइलमध्ये गेलं की घासल्याचा आवाज कायमचा. म्हणून बॉक्सवर स्टील वूल वापरूच नका. स्क्रू हातानं, समोरासमोरचे आळीपाळीनं आवळा. ड्रिल मशीन एकदा सटकली तर कोनमध्ये जाते.

उरलेला रंग छोट्या काचेच्या बाटलीत गळ्यापर्यंत भरून, झाकण घट्ट लावून ठेवा आणि वर रंगाचं नाव, शेड नंबर, तारीख आणि कुठला थिनर ते लिहा. पीयू असेल तर बेस आणि हार्डनर वेगवेगळे. पुढच्या गणपतीला कोपरा उडाला की तेवढाच ४०० नं घासून तीच बाटली काढायची.